दोन धावांच्या मधली वेळ

घोडीला सरकी मी चारली होती. सोमाजींनी नाही. सोमाजींनी तिला पाणी पाजलं होतं, तेही घोट मोजून, आणि त्या पाण्याने तिला काहीच झालं नव्हतं. जे झालं ते माझ्या ओंजळींनी झालं. एवढी चार वाक्यं माझ्याजवळ तीसच्या वर वर्षं पडून होती.

पांढुर्ण्यात संत्र्याचे ट्रक भरायला लागले की ती जागी होतात. शाळेतून घरी येताना मी बाजाराच्या मागच्या रस्त्याने येतो. दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग, पेट्या ठोकणाऱ्यांचा खटखटाट, तणसाची धूळ, आणि फुटलेल्या सालीचा तो डोळ्यांना झोंबणारा वास. मला त्या वासाने घोडीचा घाम आठवतो. असं का, ते बरीच वर्षं कळत नव्हतं. मग एकदा चालता चालता लक्षात आलं. आमच्या घोडीचं, शेवंतीचं, अंग चोळण्याआधी सोमाजी संत्र्याची साल दोन्ही तळहातांत चुरडायचे. माश्या बसत नाहीत म्हणायचे. खरंच बसायच्या नाहीत, की हिवाळ्यात माश्याच कमी असायच्या, हे मी कधी तपासून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. मी विज्ञान शिकवतो.

तो हिवाळा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा. मी एकवीस वर्षांचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, आणि अंगाने इतका हलका की मामाजी म्हणायचे, "याच्या खिशात दगड टाकून बसवा, नाई तं घोडी पुढं जाईन अन् हा मागंच राहीन." मामाजींचं गाव सौंसरपासून सायकलने तासाभरावर, बोरगावच्या अलीकडे. कापूस, संत्र्याचा बगीचा आणि पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलांची जोडी. आमच्याकडे कापूस घरात येऊ लागला की गावोगाव बैलांचे पट भरायचे. एखाद्या गावी पटाचा शेवटचा दिवस घोड्यांचा असे. सकाळी दोन-दोन घोडे एका वेळी सोडायचे, जिंकलेले दुपारी पुन्हा धावायचे. मामाजी जन्मभर बैलांचे शौकीन. पण एका वर्षी निमाडकडच्या बाजारातून ते ही घोडी घेऊन आले आणि मामीला म्हणाले, "पाय ना, कशी शेवंतीच्या फुलावानी हाय." तेच तिचं नाव पडलं.

फिक्या पिवळट अंगाची, आणि कान असे वळलेले की टवकारले म्हणजे त्यांची टोकं एकमेकांना टेकत. मी तिच्या पाठीवर बसून त्या दोन टोकांमधून समोरचं मैदान पाहायचो. कमानीतून गाव पाहावं तसं. धाव सुरू झाली की कान मागे पडायचे, कमान नाहीशी व्हायची, आणि पुढचं मला कधीच नीट आठवत नाही. धाव फार थोडी असते. लोक धाव पाहायला येतात. मला विचाराल तर त्या सगळ्या दिवसात पाहण्यासारखं सगळ्यांत कमी काही असेल तर ती धाव.

पाहण्यासारखी असायची ती दोन धावांच्या मधली वेळ. ती सोमाजींची होती.

सोमाजी मामाजींकडे सालदार होते, वर्षाच्या बोलीवरचे गडी. वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास, चण लहान, हात मात्र दुसऱ्याच कुणाचे लावल्यासारखे मोठे. त्यांचे वडील जुन्या मालगुजाराकडे सईस होते. मालगुजारी गेली, घोडे गेले, पण घोड्याची विद्या त्या घरात तशीच राहिली. पांढुर्ण्यापासून बोरगावपर्यंत कुणाचं तट्टू लंगडलं, कुणाची घोडी अडली, की माणूस सोमाजींना न्यायला यायचा. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्ध वस्तीत. मामाजींकडे त्यांचा चहाचा कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. चहा प्यायचे, कप स्वतः धुवायचे, परत खोचून ठेवायचे. मी ते रोज पाहत होतो आणि मला त्यात पाहण्यासारखं काही वाटत नव्हतं. घोडीच्या कानांबद्दल मी त्यांना पन्नास प्रश्न विचारले असतील. कपाबद्दल एकही नाही.

धाव संपवून मी थांबलो की ते शेवंतीला उभी राहू द्यायचे नाहीत. लगाम हातात घेऊन तसेच चालू लागायचे. पोटाखालचा तंग एकच घर सैल करायचे, खोगीर लगेच उतरवायचे नाहीत. "पाठ गरम हाय. एकदम वारा लागला तं आखडते." बाभळीच्या रांगेखालून एक फेरी, दुसरी, तिसरी. मधेच पुढच्या दोन पायांच्या मध्ये छातीला हाताची मागची बाजू लावून पाहायचे. मग कानाच्या मुळाशी दोन बोटं. मीही लावून पाहायचो. मला नुसतं गरम लागायचं.

"गरम तं हाय, पण कोणतं गरम?" ते विचारायचे.

"गरमात प्रकार असतात?"

"तापाचं येगळं, धावल्याचं येगळं, भेवाचं येगळं. भेवाच्या गरमात कान थंडे असते जी."

मग पाणी. पाणी ते बादलीने द्यायचे, पण तोंड बादलीत राहू द्यायचे नाहीत. शेवंतीच्या मानेच्या खालच्या बाजूने प्रत्येक घोट गोळीसारखा घरंगळत जाताना दिसतो, हे मला त्यांनी दाखवलं. सात गोळ्या गेल्या की बादली बाजूला, पुन्हा एक फेरी, पुन्हा सात.

"सातच का?" मी विचारलं.

"माह्या बापाले सातवरच मोजता येत असन," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

वाळल्या गवताचा पेंडा पिळून अंग घासणं, बोथट आकड्याने खुरातली माती काढणं, नाकपुड्या ओल्या फडक्याने पुसणं, हे सगळं एका संथ क्रमाने चालायचं. पटावर तिकडे आरडाओरडा, डफडी, गुलाल, आणि इकडे बाभळीखाली दवाखान्यासारखी शांतता. सगळ्यांत शेवटी ते घोडीच्या कुशीला कान लावायचे. डावीकडून, मग उजवीकडून. डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून. मला पहिल्यांदा हे थोडं हसू येण्यासारखंच वाटलं होतं.

"काय ऐकून राहिले सोमाजी?"

"या इकडं. टेकवा कान."

आधी केसांची खसखस, ऊब, आणि माझंच रक्त कानात वाजलेलं. मग त्याच्या पलीकडून, खोल कुठून तरी, बारीक ओहोळासारखं काही खळखळलं. दुसऱ्या बाजूला गेलो तर तिकडे दूरवर ढग गडगडावा तसा आवाज. थांबला. पुन्हा आला.

"इकडून नाला, तिकडून ढग," सोमाजी म्हणाले. "घोड्याचं पोट बोलत असते. बोलून राहिलं तवर भेव नाई. चूप झालं का मंग पाहा."

त्या हिवाळ्यात मला याचंच वेड लागलं. दिसेल त्या जनावराच्या पोटाला मी कान लावत होतो. मामाजींचा एक बैल शिंग उगारून आला तेव्हा थांबलो.

माझी चूक कुठून आली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दुष्टपणातून नाही आली. हावेतून थोडी आली असेल. पण मला वाटतं ती मुख्यतः आली बैलांच्या घरात वाढल्यामुळे. आमच्या भागात पटाचा बैल म्हणजे सरकी. पटाच्या महिनाभर आधीपासून त्याला भिजवलेली सरकी आणि ढेप, म्हणजे पेंड. पटाच्या दिवशीही घमेलं बरोबर. जोर म्हणजे सरकी, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून त्या शेवटच्या पटाला जाताना, सकाळी बैलबंडीच्या मागे चालत मी सोमाजींना विचारलं होतं, बैलाला देतो तर घोडीला का नाही?

"बैलाले सवड हाय," ते म्हणाले. "आधी गिळते, मंग बसून पुन्हा तोंडात आणते, चावते. घोड्याले परत आणताच येत नाई. घोडं ओकत बी नाई जी. गेलं थे गेलं."

"ओकत कसं नाही?"

"सायन्स तुमी शिकून राहिले. तुमीच पाहा ना पुस्तकात."

म्हणजे मला सांगितलेलं होतं. अज्ञानाची सबब मला नाही.

सकाळची धाव आम्ही जिंकलो, पण जेमतेम. दुपारी गाठ एका काळ्या घोड्याशी होती. तो सकाळी एकटाच आल्यासारखा धावला होता. मामाजींच्या बैलवाल्या दोस्तांनी माना हलवल्या. "घोडीत दम नाई उरला." "खाऊ घाला काही तिले." बाभळीखाली सोमाजींनी शेवंतीला फिरवलं, घासलं, खुरं साफ केली. मग बादलीत पाहिलं. पटावरच्या टाकीतलं पाणी बैलांनी गढूळ केलं होतं. "इहिरीवरून आणतो," ते म्हणाले. "अर्धा घंटा लागन. फिरवत राहा. मागन थे, मान घासन अंगाले. देऊ नका काही."

ते गेले. बंडीजवळ बैलांचं घमेलं होतं. सरकी अर्धवट भिजलेली, त्यात ढेपेचे खडे. शेवंतीने मान घासली. पहिली ओंजळ मी केवळ काय करते ते पाहावं म्हणून दिली. तिचे ओठ तळहातावर फिरले, वरच्या ओठाच्या केसांची गुदगुली मला आत्ताही होते. दुसरी ओंजळ तिने मागितली म्हणून. तिसरी त्या काळ्या घोड्यासाठी. चौथी का दिली ते मला सांगता येणार नाही. मग मी हात पँटला पुसले. सरकीचा तेलकट वास गेला नाही.

सोमाजी पाणी घेऊन आले. छातीला हात लावला, कानाला बोटं लावली, आणि सात-सात घोट तिला पाजले. हे तिथल्या सगळ्यांनी पाहिलं. मी त्यांना अडवलं नाही.

पुढच्या फेरीची डफडी वाजायच्या आधीच शेवंतीने मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिलं. तिकडून कुणी हाक मारली असावी तसं. पुढच्या पायाने जमीन उकरली. वरचा ओठ उलटा केला. मग अंगावर घाम फुटला, आणि बसली. सोमाजी धावत आले, गुडघ्यांवर बसून कान लावला. एका बाजूने. तिला उठवून दुसऱ्या बाजूने. मग त्यांनी वर पाहिलं.

"चूप हाय," ते म्हणाले. आणि मला, सरळ मला, विचारलं, "बापू, इनं काही खाल्लं का? काही देल्लं का तुमी?"

मामाजींचा हात माझ्या खांद्यावर होता. भोवती दहा-बारा माणसं.

"नाही," मी म्हणालो.

सोमाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, मग ते घोडीकडे वळले. एवढंच. तिला फिरवायला लागले.

"तापल्या घोडीले पाणी पाजलं तू, सोमा," मामाजी म्हणाले. "सगळ्यायनं पायलं."

"घाम वाळला होता जी. मोजून पाजलं."

"मोजून पाजते म्हणे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "पाणीपाज्या." लोक हसले. शब्द असा जन्माला येतो. कुणाच्या तोंडून आला हेही कळत नाही.

सौंसरहून ढोरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले. त्यांनी हिंदीत विचारलं, काय खाऊ घातलं? मामाजी म्हणाले, खाऊ काही नाही, पाणी. ती माझी दुसरी संधी होती. डॉक्टरांनी सुई दिली, नाकातून नळी घालून तेल सोडलं आणि म्हणाले, बसू देऊ नका. सोमाजींनी तिला बसू दिलं नाही. पट उठला, बंड्या गेल्या, काळा घोडा गुलाल माखून गेला, आणि बाभळीखाली ते दोघं फिरत राहिले. सूर्य पार कलला तेव्हा शेवंतीने लीद टाकली. सोमाजींनी कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. "बोलली," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. तिथे ऐकायला मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात मी त्यांना काडीने लीद फोडून पाहताना पाहिलं. मी मागच्या मागे फिरलो. त्यांना काय दिसेल ते मला माहीत होतं, आणि त्यांना ते दिसताना मला तिथे असायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात मामाजींनी त्यांना बगीच्यात कामाला घातलं. "घोडीले हात लावू नको आता." नव्या माणसाला शेवंती आवरेना. तिला त्याच हिवाळ्यात विकून टाकलं. बाहेरगावचे लोक सोमाजींना न्यायला यायचे ते थांबले. पाणीपाज्याच्या हाती कोण घोडं देणार?

मी पांढुर्ण्याला शिक्षक झालो. दरवर्षी एक धडा येतो, दरवर्षी मी फळ्यावर गायीचं पोट काढतो, चार कप्पे, बाण, रवंथ. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, सर, घोड्याचं? घोड्याचं एकच, मी सांगतो. जठर लहान असतं, आणि त्याच्या तोंडाशी झडप अशी घट्ट की आत गेलेलं उलट येत नाही. सोमाजींनी पुस्तकात पाहायला सांगितलेलं मी पुस्तकात पाहिलं होतं. सगळं बरोबर होतं. मग मी फळा पुसतो आणि खडूचे हात पँटला पुसतो.

जामसांवलीला गेलो की मारुतीला मनात सांगायचो. तिथला मारुती निजलेला आहे. ऐकून घेतो, उलट काही विचारत नाही. म्हणूनच तिथे सांगणं मला सोपं जात असावं. मामाजी गेले त्या दिवशी मी रडलो, आणि रडताना थोडा हलकाही झालो, की आता त्यांना सांगावं लागणार नाही. त्या हलकेपणाची लाज अजून गेलेली नाही.

या हिवाळ्यात पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्यावर एक वरात अडकली होती. नवरदेव उतरून कुणाशी तरी बोलत होता, आणि पांढरी घोडी झुली-गोंड्यांसह एकटी उभी होती. माझ्या मनात काही नव्हतं. मी गेलो आणि तिच्या कुशीला कान लावला. बँडच्या आवाजात काय ऐकू येणार?

"ओ सर, काय करून राहिले?" लगाम धरलेला तरुण म्हणाला. "घोडी हाय थे. टेलिफोन नाई."

"पोट ऐकतो."

तो चकित झाला. त्याचं नाव रफीक, घोड्यांचा धंदा सौंसरला, बाजाराच्या मैदानाजवळ. "हे तं माहे अब्बा करत होते. तुमाले कोणी शिकवलं?"

"बोरगावकडचे एक सोमाजी होते."

"कोण, पाणीपाज्या?" रफीक सहज म्हणाला. "ज्यायनं घोडी बिघडवली म्हणे पटात?"

तो पंचविशीचा असेल. शेवंती, मामाजी, तो पट, सगळं त्याच्या जन्माआधीचं. माझं खोटं मात्र त्याच्यापर्यंत धडधाकट पोचलं होतं.

पुढच्या शनिवारी मी सौंसरला गेलो. सोमाजी आता मुलाकडे राहतात. विलास तहसीलमध्ये कारकून आहे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात गुलबक्षी. सोमाजी खाटेवर बसले होते, आणखी लहान झालेले, हात तेवढेच मोठे. त्यांनी मला लगेच ओळखलं. "बापू, डावीकडं बसा. उजवा कान गेला." विलासच्या बायकोने चहा आणला. एका ताटलीत तीन सारखे कप. मी माझा कप उचलला आणि वळचणीचा तो कप मला पहिल्यांदाच दिसल्यासारखा दिसला.

एवढी वर्षं मी हे हळू आवाजात सांगण्याची तयारी केली होती. पण त्यांना हळू ऐकू येत नव्हतं. मला मोठ्याने सांगावं लागलं, शेजारच्या घरात जाईल एवढ्या मोठ्याने. "सोमाजी, शेवंतीला सरकी मी चारली होती."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "लीदीत होती ना. आख्खी, फोलासकट."

"मग मामाजींना सांगितलं का नाही?"

"तुमी नाई म्हणले होते. मालकाचा भाचा नाई म्हणते अन् सालदार हो म्हणते. कोणाचं ऐकलं असतं त्यायनं?" हे त्यांनी शिकवल्यासारखं सांगितलं. पाठ गरम असताना खोगीर का काढू नये हे सांगायचे, तसंच.

"राग नाही आला माझा?"

"आला ना. काहून नाई येणार?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण एक सांगा. शेवंती गेली कुठं? मले कोणी सांगतलंच नाई."

मला माहीत होतं. दोन वर्षांनी तिगावला स्टेशनबाहेर टांग्याला जुंपलेली मी तिला पाहिली होती. मग प्रश्न त्यांनी विचारले आणि उत्तरं मी दिली. अंग भरलेलं होतं का? होतं. पाय साफ? साफ. कान टेकत होते? टेकत होते. शिंगरू झालं का तिला? झालं होतं, मागे मागे पळत होतं टांग्याच्या. "कोण्या रंगाचं?" काळसर. सोमाजी ते शिंगरू पाहत राहिले.

विलास दाराशी उभा होता. सगळं ऐकलं होतं त्याने. पन्नाशीला टेकलेला, शांत माणूस. "सर," तो म्हणाला, "शाळेत मले विलास कोणी म्हणलंच नाई. पाणीपाज्याचा म्हणत. मास्तर बी." मग म्हणाला, "तुमी हे घरात सांगून राहिले. घरात तं आमाले बाबाचा भरोसा होताच."

"मग कुठे सांगू?"

"जिथं थो शब्द चालते तिथं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. विलासने वडिलांना मोटरसायकलवर मागे बसवून बाजाराच्या मैदानाजवळ आणलं. रफीकच्या शेडपुढे पाच-सहा घोडेवाले बसले होते, काही म्हातारे, काही पोरसवदा. लग्नसराईचे दिवस, घोड्यांना मेंदी लावणं चाललं होतं. मी रफीकला आधी काही सांगितलं नव्हतं. सोमाजींना पाहून एक म्हातारा दुसऱ्याच्या कानाशी लागला, आणि तो हसला. तो शब्द बोललाच गेला असेल.

मी पुढे झालो. घसा साफ केला. पण सोमाजी माझ्याजवळ नव्हतेच. ते पांढऱ्या घोडीपाशी गेले होते. तिला हुंगू दिलं, मानेवरून हात फिरवला, कानाच्या मुळाशी दोन बोटं लावली. मग वाकून डावा कान तिच्या कुशीला टेकवला. डोळे मिटले. मी बोलायला लागलो तसा त्यांनी तो मोठा हात वर केला.

"थांबा जी. ऐकून राहिलो."

सगळे थांबले. रफीक मेंदीची वाटी हातात घेऊन तसाच उभा राहिला. सोमाजी हळूहळू दुसऱ्या बाजूला गेले, तिकडून कान लावला. घोडीने शेपूट हलवलं, एक पाय सैल केला. बाजूने ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत ते तसेच राहिले. मग सरळ झाले, घोडीला थापटलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"हां. बोला आता."

मी मोठ्याने बोललो, त्यांच्या डाव्या कानाला पोचेल एवढ्या मोठ्याने. "सोमाजींनी पाणी मोजून पाजलं होतं. शेवंतीला सरकी मी चारली होती. त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, आणि मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. सोमाजी, विलास, मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."